नावेतलं नाव

आइंडहोवन,
२९ मार्च २०२०

अहो,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तुमचं नुसतं कपाळ दिसतं, म्हणून हे पत्र. याचा फोटो खालच्या वीणाताईंच्या मोबाइलवर येईल. तुम्हीही लिहा आणि त्यांच्याकडूनच फोटो पाठवा.

विमानं बंद झाली. महिनाभर आधी लेकीकडे आले ते बरं केलं की चुकलं, देव जाणे. भार्गवी आणि अभिराम घरून काम करतात, आर्याची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. मी मराठीत रागावते, नात डचमध्ये उत्तर देते. आमचं छान जमतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या लग्नाच्या पन्नाशीची मे महिन्यातली फ्रान्सची सहल पुढच्या वर्षावर गेली. रद्द नाही, पुढे गेली. तरंगत्या हॉटेलात राहून सहा दिवस द्राक्षमळ्यांमधून कालव्याने जायचं, म्हणजे जायचं. पन्नास वर्षांत तुम्ही मला फक्त धरणं दाखवलीत.

लोभ असू द्यावा आणि दूध उतू जाऊ देऊ नये.

तुमची,
वासंती


पुणे,
१२ एप्रिल २०२०

प्रिय सौ. वासंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दूध दोनदा उतू गेलं. वरण जमतं, भाताची पेज होते. तब्येत ठीक.

सहलीतून माझं नाव काढून टाक. तू आणि भार्गवी जा. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, निम्मं आयुष्य नीरेच्या कालव्यावर गेलं. आता पुन्हा कालवाच बघायला फ्रान्सला कशाला जाऊ? वाइन तर मी पीत नाही.

सहज विचारतो, त्या कालव्यावर जलपाश किती आहेत? म्हणजे बोट वरच्या पाण्यात चढवायची दारं, लॉक म्हणतात ती. आमच्या कालव्यावर बोटीच नव्हत्या, त्यामुळे ते प्रकरण मी फक्त पुस्तकात शिकलो.

लोभ आहे तिथेच असू दे.

दामोदर रेगे


आइंडहोवन,
२१ जून २०२०

अहो,
सा. न. वि. वि.

एकशे एकोणनव्वद. झालं समाधान?

काल अभिरामच्या गाडीतून आम्ही सगळे मास्ट्रिख्टला गेलो, कारण आपली बोट तिथेच आहे! शंभर वर्षांपूर्वी हॉलंडात धान्य वाहायला बांधलेली. आता आत गालिचे आणि पितळी नळ. यंदा पाहुणे नाहीत म्हणून रंगरंगोटीसाठी आणून ठेवली आहे. बोटीचं सगळं बघणाऱ्या आनेकेबाईंनी दीड मीटर लांबून आपली खोली दाखवली. दारावर दोन पाट्या होत्या. मिसेस वासंती रेगे आणि मिस्टर अहो रेगे.

हसू नका. फॉर्म मी आर्याकडून भरून घेतला होता. जन्मापासून ती मला हाक मारताना ऐकते आहे. तिला वाटलं, आजोबांचं नावच अहो.

आनेकेबाई म्हणाल्या, ज्या बाईने बुकिंग केलं तिने नवऱ्याचं पासपोर्टवरचं नाव स्वतःच्या हाताने लिहून, सही करून ३० तारखेच्या आत द्यावं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल. मी कागद पुढे घेऊन बसले आणि हातच चालेना. इतकी वर्षं हेडबाई होते, हजारो नावं हजेरीपटावर घातली, तुमचं कधी लिहिलं नाही. सहीतसुद्धा 'वा. दा.'वर भागवलं. शिवाय तुम्ही काढून टाक म्हणालात.

भार्गवीबरोबर मी जाणार नाही. पन्नास वर्षं काही तिच्याबरोबर काढली नाहीत. मला तुम्हीच हवे आहात. लिहू की खोडू, तेवढं कळवा.

लोभ वाढवायचा की नाही, तुमच्या हातात.

वासंती


पुणे,
२५ जून २०२०

प्रिय सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वीणाताईंनी आधी जिन्यातच मोठ्याने वाचून दाखवलं. आता सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे की तुला मीच हवा आहे.

खरं सांगतो. वाइन हे निमित्त होतं. चारचौघांत मला कुणाचं काही कळत नाही. सगळे हसले की मीही हसतो. परक्या लोकांत सहा दिवस तसं बसायचं आणि तुला माझी लाज वाटायची, याची भीती होती. पण चार महिने हे घर इतकं गप्प आहे, की आता दुसऱ्या कशाची भीती वाटत नाही.

लिही. नावेत बसायचं तर नाव हवंच. सोबत जलपाशाची आकृती काढली आहे, आर्याला नीट समजावून सांग.

लोभ दुप्पट व्हावा.

दामोदर


आइंडहोवन,
२८ जून २०२०

अहो,
सा. न. वि. वि.

नुसतं लिहवेना, म्हणून आधी उखाणा लिहिला आणि त्यातून नाव फॉर्मवर उतरवून घेतलं:

दारं उघडत जाईल नाव एकामागून एक,
दामोदररावांचं नाव लिहिते, साक्षीला भार्गवीची लेक.

लाज मला तुमची कधीच वाटली नाही. तुमच्या त्या हिरव्या सफारीची वाटते. ती आणायची नाही.

खास विमानात जागा मिळाली आहे. येतेच. दूध मी तापवेन.

लोभ समक्ष.

वासंती


बर्गंडी कालवा, फ्रान्स,
८ जून २०२२

चि. सौ. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद. चि. अभिराम आणि चि. आर्यासही.

दोनदा पुढे ढकलली गेलेली सहल अखेर चालू आहे. तुझ्या आईने बारा तऱ्हेच्या वाइन चाखल्या आणि आपलं कोकम सरस असा निकाल दिला. मी बहुतेक वेळ काठावर असतो. इथली दारं अजून हाताने दांडा फिरवून उघडतात. दारं सांभाळणाऱ्या बाईंनी माझी उत्सुकता बघून दांडा माझ्याच हातात दिला. पुस्तकातलं पाणी शेवटी डोळ्यांसमोर चढलं.

कागदोपत्री नाव सुधारलं, पण दारावरची पाटी बदलायची राहून गेली. त्यामुळे कॅप्टनपासून आचाऱ्यापर्यंत सगळे मला अहो म्हणतात. काल मी दांडा फिरवण्यात दंग होतो आणि बोट निघाली. सगळे एकदम अहो, अहो ओरडू लागले. त्यात तुझी आईही होती. मला नुसता गलका कळला.

मग ती डेकवर कठड्याला धरून उभी राहिली आणि सबंध द्राक्षमळ्याला ऐकू जाईल असं तिने माझं नाव घेतलं. राव न लावता. बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं.

लोभ आहेच, तो तसाच चालू ठेवावा.

तुझा बाबा,
दामोदर