जवळचं घेऊन लांबचं देणारा डॉक्टर

ओट्टप्पालम,
कर्कटक महिना, तारीख १९

तीर्थरूप गोविंदनकुट्टी मामांच्या पायांशी भाची सौदामिनीचं डोकं, चष्म्यासकट.

कर्कटकातली औषधी पेज रोज घेताय ना? (मामी म्हणतात, तुम्ही ती परसातल्या केळीला पाजता. केळीचे सांधे दुखायचे थांबले असतील तर कळवा.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांचं विचारत नाही, कारण गेल्या सहा महिन्यांत तुमच्या पत्रांत दुसरं काही नव्हतंच.

मामा, तुमच्या या पत्रांनीच माझं घर पेटवलंय, हे आधी स्पष्ट सांगते. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला माडावरचे नारळ मोजता येतात, समोरच्या टेकडीवरच्या शेळीची दाढी दिसते, हे तुम्ही लिहायचं आणि तुमच्या भाचेजावयांनी ते जेवताना मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की माझ्या चष्म्याकडे बघून सुस्कारा टाकायचा. माझा नंबर उणे साडेसात, तो काही आजचा नाही. लग्न ठरवताना तुम्हीच त्यांना सांगितलं होतं की मुलगी वाचनात हुशार आहे. (तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, की मुलगी वाचनात असते आणि बाकी कुठेच नसते.) आणि हे वेड लावलंत तेही तुम्हीच. मला गोवर आला होता तेव्हा उशाशी बसून उडत्या घोड्यांची गोष्ट सांगितलीत, शेवट मात्र सांगितला नाहीत. त्या शेवटाच्या शोधात मी आज बेचाळिसाव्या वर्षापर्यंत आलेय.

माझी वाचायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. चष्मा डोक्यावर, पुस्तक नाकापासून वितीच्या आत. त्या वितीत मला जे दिसतं ते तुमच्या शेळीच्या दाढीहून कितीतरी स्वच्छ असतं. कागदाचे तंतू दिसतात, शाई फुटलेली वेलांटी दिसते आणि मग कागद नाहीसा होऊन ड्रॅगनच्या खवल्यांवरचं दव दिसायला लागतं. वितीच्या पलीकडे मात्र नुसतं धुकं. संध्याकाळी साडेपाचला फाटकाशी कुणीतरी हात हलवतं, मी मान वर न करता ‘आज मासे नकोत’ म्हणते. आता या वर्षात तीनदा ते तुमचे भाचेजावई निघाले, तर त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

खरा घोटाळा देवळात झाला. आदल्या दिवशी चष्म्याचा स्क्रू पडला, दोन काचा दोन दिशांना, त्या पर्समध्ये टाकून आम्ही देवळात गेलो. आता चष्म्याविना मी माणसं ओळखते ती शर्टाच्या रंगावरून. निळा शर्ट म्हणजे आमचे हे, पट्ट्यापट्ट्यांचा म्हणजे शेजारचा वर्गीस. पण देवळाच्या दाराशी सगळे पुरुष शर्ट काढून आत जातात, हे जन्मभर बघूनही त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. आत बघते तो सगळीकडे उघड्या पाठी आणि कमरेला पांढरी मुंडू! त्यातलीच एक ओळखीच्या जाडीची पाठ धरली आणि प्रदक्षिणा घालता घालता सगळं ऐकवलं. तुम्ही आणि माझे ते मामा मिळून मला आंधळी ठरवताय, मोतीबिंदू निघाल्यापासून म्हाताऱ्याला शिंगं फुटलीत (क्षमा असावी), डोळ्यांना हात लावू द्यायचा नाही म्हणजे नाही. आणि हो, त्या ड्रॅगनच्या कादंबरीचा सातवा खंड पुरात वाहून गेला असं मी वाचनालयाला सांगितलंय, तो तांदळाच्या डब्यामागे आहे, तुमच्या आईला तो चूल पेटवायला घेऊ देऊ नका. पाठ शांतपणे सगळं ऐकत होती. तिसऱ्या फेरीला ती वळली आणि म्हणाली, “पुस्तक सापडलं, बरं झालं. तांदळाजवळ ठेवू नका, कीड लागते. आणि बाई, मी तुमचा नवरा नाही.” ते भार्गवन मास्तर होते, वाचनालयाचे सचिव.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, हे आता पोट धरून हसतील. हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अठरा वर्षं फाटकातून हात करतोय सौदा. तू एकदा तरी उलट हात केलायस?” मला वाईट वाटलं मामा. खरंच फार वाईट वाटलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर त्रिशूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर अगदी कोवळा. हनुवटी यंत्रावर टेकवून घेतली, डोळ्यांत थेंब टाकले आणि म्हणाला, लेसरनं ऑपरेशन केलं की चष्मा कायमचा जाईल, लांबचं लख्ख दिसेल. भाचेजावयांचा चेहरा फुलला (असं ते म्हणतात, मला थेंबांमुळे दिसला नाही). मग तो हळूच म्हणाला, चाळिशी उलटलीय, तेव्हा वाचायला मात्र चष्मा लागेल. नुसत्या डोळ्यांनी जवळचं वाचता येतं ते जाईल. म्हणजे माझी वीत तो काढून घेणार आणि बदल्यात मला काय देणार, तर वर्गीसच्या दोरीवरचे कपडे! मामा, ही अट मी आधी वाचलेली आहे. सातव्या खंडाच्या शेवटी मिठाच्या बुरुजातला चेटक्या नायिकेला, इलवराला, हेच सांगतो, सात समुद्रांपलीकडचं दिसेल पण ओंजळीतलं दिसायचं नाही, कर सही. इलवरा लेखणी उचलते आणि खंड संपतो. त्या पानावर मी अकरा वर्षं ओरडतेय, अगं करू नकोस सही. आता संमतीचा फॉर्म माझ्यासमोर आहे. पुढचा महिना चिंगम, तो लागताच ऑपरेशनची चार तारीख ठरवलीय.

तरी तुम्ही वडीलधारे, काय तो सल्ला द्या. मामींना नमस्कार आणि केळीलाही.

तुमची,
सौदामिनी

ता. क. सल्ला नाही दिलात तरी चालेल. आठवा खंड आलाय. मास्तर म्हणतात, तांदळाच्या डब्याला आम्ही पुस्तकं देत नाही. तुमच्या गावच्या वाचनालयातून तुमच्या नावावर काढून चार तारखेच्या आत पाठवा.

ता. क. २. ते जमत नसेल तर शेवटचं प्रकरण काढून बघा आणि इलवरानं सही केली की नाही एवढंच कार्डावर कळवा. (शेवट फोडणाऱ्याचं तोंड बघणार नाही असं मी म्हणत आलेय, ते तुम्हाला लागू नाही.)

ता. क. ३. पत्र पाकिटात घालताना साडेपाच वाजत आले होते. काय वाटलं कोण जाणे, फॉर्म सातव्या खंडात खुणेला घातला, पुस्तक मिटलं, दुरुस्त केलेला चष्मा नीट नाकावर चढवला आणि ओसरीवर बसले. निळा शर्ट फाटकाशी आला. त्यांनी हात करायच्या आधी मीच हात केला. ते थांबले, आणि मी कुणाला हात करतेय ते बघायला मागे वळले.