पळसाच्या शेंगेतला भुंगेरा

११ एप्रिल १९५९
विलायतेच्या म्युझियमचं पत्र आलं. हातोद गावच्या पळसाच्या शेंगेतला भुंगेरा खरंच नवा. त्याला माझं नाव देणार, 'शितोळे'. प्रिन्सिपॉलसाहेबांनी पेढे वाटले. वीस वर्षं वर्गात झाडं शिकवली, सुट्टीत किडे धुंडाळले, ते याचसाठी. माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. ती शेंग माझ्या लॅबमधल्या सोबत्यानं, देशपांडेनं फोडली होती.

१३ एप्रिल
लॅबमधलं त्याचं टेबल दिवाळीपासून तसंच आहे. टायफॉइड झाला, दोन आठवड्यांत गेला. आज भर दुपारी पाठीमागे त्याचं खाकरणं. वळलो नाही. प्यून रामलालजी दारात, "साब, किससे बात कर रहे थे?"
मी बोलत होतो?

१९ एप्रिल, रवि.
देशपांडेची बायको, विमलवहिनी आल्या, त्याची वही घेऊन. "भाऊजी, रद्दीवाला भिया मागत होता, द्यायचा जीव झाला नाही. तुम्हीच ठेवा."
मग म्हणाल्या, "शेवटी तापात एकच घोकत होते. शितोळ्याला विचार, पत्र गेलं का? कसलं पत्र हो?"
"कॉलेजचं काहीतरी," म्हटलं.
म्युझियमला भुंगेऱ्याचं पत्र तेव्हा गेलेलं होतं. एकट्या माझ्या नावानं. तो अंथरुणात असताना.

२० एप्रिल
वही उघडली. पानभर तोच भुंगेरा, पेन्सिलीनं, मिशीचा केस न् केस. खाली लेखाचं शीर्षक आणि दोन नावं. माझं आधी.

२२ एप्रि.
वर्गात फळ्यावर शेंग काढली आणि पुढे काय सांगायचं तेच आठवेना. खाकरणं परत.

२६ एप्रिल, रवि.
कृष्णपुऱ्याला वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या, हात चालूच.
"पत्र ते असताना गेलं?"
"हो."
"मग त्या दिवशी मला खोटं का बोललात?"
म्हटलं, विलायतेला लिहितो, नाव त्याचं द्या म्हणून.
"लिहा. पण टाकायच्या आधी मला वाचून दाखवा. मराठीत."

२८ एप्रिल
वाचून दाखवलं: शेंग देशपांडेनं फोडली, त्याचं नाव अनवधानानं राहिलं, भुंगेऱ्याला तेच द्या. सगळं ऐकून घेतलं. मग, "'अनवधानानं' असं इंग्रजीतही लिहिलंय?"
"हो."
"ते काढा."
काढलं. तिथेच बसून पूर्ण कागद पुन्हा लिहिला. त्या समोर बसून राहिल्या. चहा विचारला नाही.
येताना पत्र टाकलं. उत्तराला महिना तरी लागेल. प्रिन्सिपॉलसाहेबांना उद्या सांगायचं. नोकरीचं काय होईल कोण जाणे.