बर्फाळ चंद्रावरचं तपकिरी कडं

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुमचा गुडघा आता कचेरीचा जिना चढू देतो का? मी बरा आहे. भाजीत मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही, एवढंच.

तुमच्या बहिणीनं हातानं रंगवलेल्या नकाशाची प्रत मिळाली, अगदी मूळ मापाची. तिचं अर्धवट राहिलेलं काम तुम्ही तडीस नेलंत. मी रंगांचा दुकानदार. माझ्याकडे पांढऱ्याच्या अठरा छटा आहेत आणि त्याचा मला गर्व होता. हिनं त्या एका बर्फाळ चंद्रावर एक्केचाळीस काढल्या. आधी उन्हाचा तिरपेपणा वजा करायचा, मग उरतो तो बर्फाचा स्वतःचा उजळपणा, असं ती जेवताना समजवायची (टेबलावर नकाशा, ताटं आमच्या मांडीवर). "अहो, सांगा, यातला जास्त पांढरा कुठला?" मी सांगायचो. "चूक. पण तुमचं दुकान चालेल."

आता मुद्दा. दक्षिणेकडच्या तपकिरी कड्यावर तुम्ही तीन पानी टिपण जोडलंय. आतून वर आलेले क्षार असावेत, वगैरे. वाचून ऊर भरून आला. शेवटी लिहिलंय, यानाच्या एकाही फोटोत हे कडं नाही, पण तिनं दाखवलंय म्हणजे तिला दिसलंच असणार. दादा, दिसलं होतं. दिसल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तो माझा चहा आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नवा कागद काढीन सावकाश." मग दवाखाना सुरू झाला आणि ते राहिलं. खात्रीसाठी मी माझा कप प्रतीवर ठेवून पाहिला, तंतोतंत बसला. (कपाखाली ओल होती. त्यामुळे प्रतीवर आता दोन कडी आहेत. दुसऱ्यावर टिपण नको.)

शुक्रवारी नकाशा छापायला जाणार म्हणता, त्याआधी ते कडं काढा. तिनं आयुष्यात एक ठिपका अंदाजानं टाकला नाही. माझ्या चहापायी तिच्या नावाला कुणी हसायला नको.

तुमचा,
रंगवाला मेहुणा

ता. क. उत्तर ध्रुवाजवळ तुम्ही जिला गोलाकार दरी म्हटलंय, तिथं माझा कप बसत नाही. तिचा बसतो. म्हणजे त्या अबोल्यातला एक दिवस मला परत मिळायला हवा होता. तीही काढा.

आणखी एक. मूळ कागद रद्दीत टाकू नका, इकडे पाठवा. पत्र खरं त्यासाठीच. टेबल रिकामं आहे, पण जेवताना मी अजून ताट मांडीवरच घेतो.