नळी नसलेल्या ग्रंथी

४ मार्च

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एका दारावर बोर्ड लिहायचाय. मजकूर कागदावर आला – ‘अंतःस्रावी ग्रंथी विभाग’. तीस वर्षं बोर्ड रंगवतोय, हा शब्द हाताखालून पहिल्यांदाच जातोय. देवाचं नाव घेऊन खडूच्या रेघा मारल्या, पण ब्रश उचलेना. अर्थ कळल्याशिवाय माझं अक्षर बसत नाही. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी लावलेली खोड.

५ मार्च

डॉक्टरबाईंनाच विचारलं. हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सांगितलं – घामाच्या, लाळेच्या ग्रंथींना नळी असते, रस नळीतून बाहेर येतो. यांना नळीच नाही! रस थेट रक्तात. एक मेंदूखाली, एक गळ्यात, दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर, आणखीही आहेत. जीव एवढासा, पण सगळं शरीर त्यांच्या तालावर चालतं. गळ्यातली मंद पडली की माणूस सकाळी उठतानाच दमलेला. सगळ्यांना उकडतं तेव्हा याला थंडी. कातडी कोरडी, आवाज जाड, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा.

मी ऐकतच राहिलो. बाई माझ्या बायकोचं वर्णन करत होत्या!

७ मार्च

जेवताना विषय काढला. दादा वरच्या मजल्यावर एकटाच राहतो, दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. म्हणाला, “आळसाला आता डॉक्टरी नावपण मिळालं का?” वर, मी बायकोला डोक्यावर बसवलीय वगैरे, नेहमीचंच.

एरवी मी खाली मान घालून जेवतो. थोरला आहे. आज नाही घातली. म्हटलं, “दादा, तुझं ताट तिनं वाढलंय. ते आधी संपव, मग तिला आळशी म्हण.”

ती वाढत राहिली. माझ्याकडे पाहिलंही नाही. लाजली असावी.

८ मार्च

दादा जेवायला आला नाही. नको येऊ!

१० मार्च

बोर्ड पुरा झाला. निळ्यावर पांढरी अक्षरं, झकास. आणि खाली बारीक अक्षरांत माझ्या मनानं एक ओळ घातली – ‘सततचा थकवा, थंडी वाजणे, आवाज जाड होणे : इथे दाखवा’. डॉक्टरबाईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, लिहा.

दुपारी व्यवस्थापक आले. मंजूर मजकुरात हे नाही म्हणाले, पुसा. मी म्हटलं, “साहेब, वरची ओळ कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. खालची पुसायला दुसरा माणूस बघा.” शिडी खांद्यावर टाकली आणि निघालो.

घरी आलो. देवापुढे बसलो. चुकलो असेन तर दाखव म्हटलं. बराच वेळ बसलो. चुकलो असं काही वाटलं नाही.

१२ मार्च

तिला घेऊन गेलो. दोन्ही ओळी जागच्या जागी! बोर्डासमोर उभं करून तिला सगळं समजावलं – नळी, रस, रक्त. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. रक्त देताना सुईकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

१५ मार्च

रिपोर्ट आला. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ झोपलेलीच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा जन्मभर. बाई म्हणाल्या, आणायला बराच उशीर केलात, पण सुधारेल.

मी तसाच वर गेलो. रिपोर्ट दादासमोर ठेवला. मोठ्यानं वाच म्हटलं. शब्दाशी अडखळला. मी सांगितला. अर्थासकट सांगितला. त्याची मान खाली गेली.

जिना उतरताना वाटलं, या घरात तिच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं एकदाचं.

१६ मार्च

तिनं कपाटातून, कपड्यांच्या घडीखालून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वीची. त्यात तोच शब्द, आणि पुढे – ‘लवकर तपासून घ्यावे’. त्यावरून आडवे, वाळलेल्या हिरव्या रंगाचे फटकारे.

“अर्थ विचारायला तुमच्याकडेच आणली होती,” म्हणाली. “तुम्ही हिला ब्रश पुसलात.”