करुणाच्या बाप्तिस्म्याचा कागद

प्रिय आई,

सप्रेम सलाम.

तुम्ही जाऊन सव्वा वर्ष झालं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमच्याशी भांडायला काही उरलंच नव्हतं. आता उरलंय!

दोन महिन्यांपूर्वी तुमची लोखंडी पेटी उघडली. आपल्या लेकीचा, करुणाचा जन्मदाखला शोधत होते. तो काही सापडला नाही. पण तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या बॅगेत, थर्मामीटरच्या डबीखाली, चार घड्या घातलेला दुसराच कागद होता. बाप्तिस्म्याचा दाखला. नाव करुणा. वय पाच महिने.

अहो आई! पाच महिने?

तुम्ही मला बघायला राजूरला आलात तो दिवस आठवतो? खाणीच्या क्वार्टरमध्ये पोह्यांच्या बशा समोर आल्या आणि तुम्ही माझ्या बाबांना विचारलंत, "तुमच्या मंडळीत पोरीले बाप्तिस्म्याले किती पान्यात घेतलं?" बाबा बॅप्टिस्ट चर्चचे डीकन, मंडळीचे कारभारी. छाती पुढे काढून म्हणाले, "पूर्ण बुडवली. डोक्यावरून पानी." तुम्ही चमचा खाली ठेवलात. "मंग वर आली हे देवाचीच कृपा."

"अन् तुमच्या प्रेस्बिटेरियनमंधी?" बाबांनी विचारलं.

"तीन थेंब. तान्ह्या लेकराले. देव काय पानी मोजत बसते का?"

"पन तान्ह्याले काय समजते?"

"काहीच नाही समजत. म्हनूनच तर त्याले कृपा म्हनतात!"

बाबांनी उगाच पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं. त्यांना वाटलं सोयरीक मोडली. तुम्हाला वाटलं, घरात भांडायला माणूस मिळालं. तुम्ही त्याच दिवशी होकार दिलात.

यवतमाळला तुमच्या घरी आल्यावर मला कळलं की पाणी ही तर नुसती सुरुवात होती. आमच्याकडे देवळात पंखा कोणत्या भिंतीला लावायचा, यावरही सगळी मंडळी हात वर करते. तुमच्याकडे मंडळीचे ज्येष्ठ, ते पाच 'वडील', दार लावून बसतात, आणि पंखा फिरायला लागला की बाकीच्यांना कळतं. मी एकदा तुमच्या देवळात हात वर करून बोलायला उभी राहिले होते. तुम्ही माझा पदर ओढून मला खाली बसवलंत. आठवतंय ना?

मग करुणा झाली. तुम्ही म्हणालात, विश्वासणाऱ्याचं लेकरू जन्मापासूनच देवाच्या कराराचं, त्याच्यावर पाण्याची खूण झालीच पाहिजे. मी म्हणाले, मोठी होऊ द्या, स्वतः विश्वास ठेवेल तेव्हा स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरेल. तुमचे चिरंजीव म्हणाले, "मले ऑफिसले उशीर होऊन राह्यला." त्या दिवशी रविवार होता!

शेवटी तुम्ही माघार घेतलीत. "तुयी पोरगी, तुयी मर्जी," असं म्हणालात. मला इतकं भरून आलं होतं की मी तुमच्या आवडीची शेवभाजी केली. तरी शंका काही जाईना. तुम्ही तिला न्हाऊ घालायचात तेव्हा मी मोरीच्या दाराशी कान लावून उभी राहायची. मध्येच पित्याच्या नावानं काही पुटपुटता की काय म्हणून! आणि तुम्ही आत, लेकराच्या डोळ्यात साबण गेला म्हणून स्वतःलाच रागवत असायचात. आता कागदावरची तारीख बघते, तर तोवर काम उरकून तुम्ही मोकळ्या झाला होतात.

बरं, हा सगळा घोळ आत्ताच का निघाला, तेही सांगते. करुणाचं लग्न ठरत होतं. मुलगा मुकुटबनचा, अभिजित. त्याचे वडील निवृत्त मास्तर आहेत आणि त्यांच्या छोट्या रिफॉर्म्ड मंडळीतले वडील. मास्तर बघायला आले ते धर्मशिकवणीच्या प्रश्नोत्तरीचं पुस्तक काखेत घेऊन. मी म्हणाले, तुमच्यात आणि प्रेस्बिटेरियनांत फरक तरी काय? ते म्हणाले, "सख्खे चुलत भाऊ हो आमी. दोघंही लेकरायले शिंपडतो, दोघांकडेही वडीलच कारभार पाहतात. त्यायची प्रश्नोत्तरी वेगळी, आमची वेगळी. आमी देवळात फक्त बायबलातली स्तोत्रं गातो, अन् पेटी-तबला बाहेर ठेवतो." मग म्हणाले की कोणाचं तारण होणार ते देवानं जग घडवायच्या आधीच निवडून ठेवलंय. मला राहवलं नाही. "मग सूनही निवडूनच ठेवली असेल, चहा घ्या," मी म्हणाले. मास्तर हसले. हसल्यावर माणूस बरा दिसतो.

पण एक अट होती. त्यांच्या मंडळीत लग्न लागायचं तर मुलीचा बाप्तिस्मा झालेला हवा. आणि करुणा चोवीस वर्षांची झाली तरी पाण्यात उतरली नव्हती. राजूरच्या चर्चचे आमचे पाळक दर वर्षी विचारायचे आणि ती म्हणायची, "विचार करून राह्यली." मी म्हणाले, बाई, येत्या रविवारी घेऊन टाक. तर मलाच म्हणाली, "आई, तूच शिकवलं ना, बाप्तिस्मा आपल्या विश्वासानं घ्यायचा, कोनी म्हनते म्हनून नाही? लग्नासाठी मी नाही उतरत."

माझीच शिकवण माझ्या तोंडावर! लग्न अडलं. ती अभिजितचा फोन आला की गच्चीवर जायची आणि डोळे पुसत खाली यायची. आज ना उद्या मार्ग निघेल, कागद तरी तयार ठेवावेत म्हणून मी तुमची पेटी उघडली होती.

दाखल्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची होती, सांगू? तुमच्या चिरंजीवांची! मी कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. घास हातातच राहिला. "आईनं शपथ घातलती," एवढंच बोलले. चोवीस वर्षं, आई! या माणसाला भाजी आणायला सांगितलेलं चोवीस मिनिटं लक्षात राहत नाही. तीन दिवस मी त्यांना फिकं वरण वाढलं. ना तिखट, ना फोडणी. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "जा, पाळकसाहेबायले विचारून ये."

तुमचे जुने पाळकसाहेब आता लेकीकडे राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून आमचं गुपित सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला टायफॉइड झाला होता तेव्हाची गोष्ट. मी दवाखान्यात बेशुद्ध होते आणि तुम्ही स्वतः नर्स असल्यानं माझं काही खरं नाही हे तुम्हाला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. लेकराला घेऊन तुम्ही सकाळीच त्यांच्या दारात गेलात. त्यांनी विचारलं, आईची परवानगी आहे का? तुम्ही म्हणालात, "तापात हाये. शुद्धीवर आली तर पहिले नाहीच म्हनन." मग बाकावर बसून रडलात म्हणे. "सून वाचली नाही तर या लेकराचं कोन? मी म्हातारी. देवाच्या नावानं करून ठेवते, मंग ते देवाचं."

आणि निघताना आणखी एक म्हणालात. "सून वाचली तर तिले सांगू नका. अन् पोरगी मोठी होऊन आईसारखी बुडाली, तर तुमी आडवं येऊ नका." पाळकसाहेब मला ओरडून सांगत होते, "आमच्यात दुसरा बाप्तिस्मा चालत नाही, माहीत हाये ना? अन् हे बाई मले नियम मोडायले सांगत होती!"

मी त्यांच्या ओट्यावरच बसून रडले. गल्लीतल्या एका बाईनं पाणी आणून दिलं.

मला तुम्ही तोंडावर म्हातारीचा हट्टच दाखवलात. भीती का नाही दाखवलीत? मी भांडले असते, हो. कदाचित महिनाभर बोलले नसते. पण नंतर तुमच्या शेजारी येऊन बसले असते ना!

कागदाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आमच्या शिकवणीनं तो बाप्तिस्माच नव्हे. मास्तरांच्या शिकवणीनं तो पुरेपूर. दोन दिवस मी तो उशीखाली ठेवला. मग वाटलं, चोवीस वर्षं सगळे तिच्याबद्दल ठरवतायत, आता तिचं तिला देऊन टाकावं. करुणानं वाचला. आधी हसली, मग रडली. म्हणाली, "आजीनं मले न विचारता केलं. अन् तू काही न करता विचारत राह्यली."

मी विचारलं, "तुला विश्वासच नाही का गं?"

"विश्वास कधीचाच हाये आई! मले पान्याची भीती वाटते."

ऐकलंत? ती सात वर्षांची असताना राजूरच्या देवळात एक जाडजूड काका बाप्तिस्मा घेताना हौदात घसरले होते. पाळकांना सोबत घेऊन खाली गेले. दोघंही खोकत वर आले. पाणीटंचाईच्या त्याच उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं भरलेला तो हौद, बाहेर बादल्या घेऊन उभी वस्ती, सगळं तिला अजून दिसतं म्हणे. आठ वर्षं मी हिच्या विश्वासासाठी उपास धरले, आणि पोरगी हौदाला भ्यायलेली!

ती स्वतःच मास्तरांकडे कागद घेऊन गेली. मास्तरांनी चष्मा लावला, दोनदा वाचला. "पानी हाये, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव हाये. आमाले चालते. आता विश्वासाची कबुली मात्र तुयी तुलेच द्या लागन." तिनं गेल्या रविवारी मुकुटबनला सगळ्यांसमोर उभं राहून दिली. एकदाही अडखळली नाही. मी मागे बसून ऐकत होते. स्तोत्र सुरू झालं तेव्हा सवयीनं टाळी वाजवली. एकच वाजली. पुढच्या बाकावरचे सगळे वळले. तुमचे चिरंजीव छताकडे बघत होते.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. आणि हो, कोणाचं बरोबर होतं, ते तिकडे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. मी विचारत नाही.

एक वचन मात्र देते. करुणाला लेकरं होतील, त्यांच्यावर त्यांची मंडळी पाणी शिंपडेल. मी पहिल्या बाकावर बसेन आणि तोंड बंद ठेवेन. पाठीमागून काही करणार नाही. आणि त्यातलं एखादं मोठं होऊन म्हणालं, "आजी, मले हौदात उतराचं हाये," तर आधी त्याच्या आईला सांगेन. मग टॉवेल काढेन.

तुमची सून,
सुनंदा