बाकापुढच्या चपला

सौ. राणीसरकारांस,
पांढऱ्या हातांच्या रंगाऱ्याचा मुजरा.

मी मजेत आहे. खोलीतला जोडीदार काम सोडून घरी गेला, त्यामुळे आता पंख्याचा सगळा वारा माझाच. तुझा गुडघा कसा आहे? आईची औषधं वेळेवर चालली आहेत ना?

एक गंमत सांगतो. रस्त्यावर पट्टे मारून झाले की डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतो. परवा त्याच रंगाने बागेतल्या बाकापुढे, मी बसतो त्या जागेच्या शेजारी, फरशीवर तुझ्या चपला काढल्या. डाव्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याला तू लावलेली पिनसुद्धा! लोक थांबतात, पिन बघून हसतात आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. ओरडायला आलेला मुकादमही जाताना त्यांना वळसा घालून गेला. एका आजीबाईंनी विचारलं, "अनवाणी गेली कुठे रे बाई?" म्हटलं, "येईलच इतक्यात."

सुट्टीचं विचारलं की मुकादम "बघू" म्हणतो. तू वाटेकडे डोळे लावून बसू नकोस.

काल मात्र एक बाई आली आणि गमतीने थेट त्या चपलांवर पाय ठेवून बसली. अगदी तिच्या मापाच्या निघाल्या. सगळे हसले. मीही हसलो, आणि डबा उचलून खोलीवर आलो.

तू अजून तीच पिन लावतेस, की नवा जोड घेतलास? एवढं मात्र खरं कळव.

अजून तुझाच,
धांदरट