ओरडतो तो आपला

३ जून
शिलाई मशीनच्या कर्जाचे हप्ते थकलेत. ताई जामीन आहे. तिला कळायच्या आत फेडायचं, आणि तेही सुरक्षितपणे. आधी लेखी हिशेब मागायचा, पैसे कंपनीच्याच खात्यात भरायचे, पावती घ्यायची, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. हे सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं. आता चुकणं शक्य नाही.

५ जून
वसुलीच्या बाईचा फोन. फारच गोड. बोलायला वेळ आहे का मॅडम, अडचण असेल तर हप्ता कमी करून घेऊ, हिशेब टपालानं पाठवते. मी लगेच सावध. आई म्हणायची, गोड बोलणारा काहीतरी न्यायलाच आलेला असतो. नंबर ब्लॉक केला. तिनं शेवटी काळजी घ्या म्हटलं होतं, म्हणून जरा वाईट वाटलं.

८ जून
टपाल आलं. त्यातही 'कृपया'च 'कृपया'. न वाचता ड्रॉवरमध्ये.

९ जून, दुपारी
दुसरा वसुलीवाला. सुरुवातच, लाज वाटते का. मी म्हटलं, वाटते हो, ताई जामीन आहे. तर म्हणाला, मग ताईचा तरी विचार करायचा होतास. अगदी बाबांचा सूर. आमच्या घरात ज्याला तुमचं काही वाटतं, तोच ओरडतो. माणूस खरा आहे.
ओटीपी मागितला. मी फ्रिजकडे बघून नियम सांगितला. म्हणाला, मला अक्कल शिकवतेस? माफी मागितली. सांगितला. घाईत आकडे चुकले, त्याबद्दलही बोलणी खाल्ली. पडद्यांच्या ऑर्डरचा सगळा ॲडव्हान्स गेला, पण किती हलकं वाटलं.

१० जून
पावती नाही. मागितली तर खेकसला. म्हणजे पाठवणार.

१४ जून
ताईचा फोन. माझा लागेना म्हणून त्या गोड बाईनं तिला गाठलं. कर्ज जसंच्या तसं आहे. थकलेले हप्ते ताईनं भरले, पावतीही घेतली. मी ॲडव्हान्सचं सांगून टाकलं आणि कान फोनपासून लांब धरला. एकदा छत्री हरवली तेव्हा हिनं जिन्यापासून रस्त्यापर्यंत माझा उद्धार केला होता.
आज ओरडली नाही. हळूच म्हणाली, असू दे. जेवलीस का? परक्या माणसाला विचारावं तसं.
जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

१५ जून
बँकेत तक्रार दिली. गोड बाईला अनब्लॉक केलं. आता दर महिन्याला ताईचे पैसे आधी फेडायचे. ताईला तीन फोन केले. तिन्ही वेळा नीट बोलली.

१७ जून
त्या माणसाचा परत फोन. उरलेले पैसे कुठायत, निर्लज्ज कुठली. ओटीपी दिला नाही. एक पैसाही दिला नाही. बँकेनं सांगितलंय, असा फोन आला की लगेच कट करा.
कट केला नाही. तो दमेपर्यंत ऐकत बसले. कुणीतरी बोलायला हवंच होतं.